शिकवणाऱ्या विद्यार्थ्याच्या घामाचे दाम

(डहाणू रोड येथे विज्ञान शाखेचे विद्यार्थी, त्यांचे पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना डॉक्टर व्हायचे आहे, आणि त्या प्रयत्नात असताना काही जण लहान मुलांना शिकवतातही. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध असावा, यावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. मी वैद्य नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त झालो आहे. तेव्हा परीक्षेत गुण कसे मिळवावेत हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु एखादे काम कोण करतो, त्यात त्याचा किती वेळ जातो आणि त्या वेळाचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, हे विचारणे हा माझ्या विषयाचा धर्मच आहे. तोच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरील मुलगी डोळ्यांसमोर आणा. बारावी विज्ञान झाली. ‘नीट’मध्ये पहिल्या खेपेस गुण कमी पडले. घरी बसून वर्षभर केवळ अभ्यास करणे परवडत नाही, म्हणून तिने जवळच्या महाविद्यालयात बी. एस्सी.ला नाव घातले आणि पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवले. ती वसतिगृहात राहते. रात्री खालच्या इयत्तांच्या मुली तिच्याभोवती गोळा होतात. ती त्यांना गणित सोडवून दाखवते, जीवशास्त्रातील इंग्रजी संज्ञांचा अर्थ मराठीत आणि मग वारली बोलीत फोडून सांगते. महाविद्यालयात प्रयोगाच्या तासाला उपकरणे मांडण्यापासून मागे राहिलेल्या मुलांच्या वह्या तपासण्यापर्यंतची कामे तिच्याकडे आपसूक येतात. सर्व जण तिचे कौतुक करतात. तिला मोबदला मात्र कोणी देत नाही, आणि तिच्या ह्या कामाची कोठे नोंदही होत नाही.

ह्यातून दोन प्रश्न उभे राहतात. असे अध्यापन वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी जमेस धरावे काय? आणि ह्या अध्यापनाला वेतन द्यावे काय? पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याला होकारार्थी, आणि तेही ठाम होकारार्थी. असे का, ते सांगतो.

जुनी वाट

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पंतोजीच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्याला धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेत हा देशी प्रकार पाहिला, तो तेथल्या अनाथालयात चालवला आणि १७९७ साली त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून तिचा बोलबाला झाला. त्याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो गरीब मुलांची शाळा चालवता येते, हे तेथल्या धनिकांना त्यात फार आवडले. म्हणजे एका चांगल्या रीतीचा उपयोग शिक्षण स्वस्तात उरकण्यासाठी झाला. ह्या धोक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आपल्याच इतिहासात याहून चांगला नमुनाही आहे. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमदानीत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. हे तरुण स्वतः पुढच्या परीक्षेची तयारी करीत आणि त्याच वेळी महाविद्यालयातील खालच्या वर्गांना शिकवीत. त्याबद्दल त्यांना दरमहा ठरलेली रक्कम मिळे. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि गोपाळ गणेश आगरकर हे तिघेही दक्षिणा फेलो होते. आगरकरांच्या दारिद्र्याच्या कथा आपण शाळेत ऐकलेल्या आहेत. अशा तरुणाला त्या रकमेचा काय आधार वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

वैद्यकाचे उदाहरण हवे असेल तर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे घ्या. गोव्यातून मुंबईस आलेला हा गरीब घरचा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा ते तेथे दाखल झाले आणि १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. महारोगावरील औषधाचा शोध घेणारा, गरिबांसाठी दवाखाना चालवणारा हा पुरुष आधी वर्गात उभा राहून शिकवीत होता आणि मग वैद्यकाच्या वर्गात बाकावर जाऊन बसला, हे विसरू नये.

आणि दूर कशाला जायचे? येथून थोड्याच अंतरावर कोसबादची टेकडी आहे. तेथे आयुष्य वेचणाऱ्या अनुताई वाघ बालपणीच विधवा झाल्या. दिवसा शाळेत शिकवीत, रात्रशाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मिळवली. शिकणे आणि शिकवणे ह्या एकाच आयुष्यात शेजारी शेजारी चालणाऱ्या गोष्टी आहेत, याची साक्ष देण्यासाठी डहाणू तालुक्याला बाहेरून पुरावा आणण्याची गरज नाही.

प्रवेशाच्या अर्जात रकाना हवा काय?

आज आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाचे दार एकच आहे. २०१६ पासून देशभर ‘नीट’ बंधनकारक झाली. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते पाहिले जातात. क्रम लागतो तो ७२० गुणांच्या त्या एका परीक्षेवर. तुम्ही कोणाला शिकवले, कोणाची शुश्रूषा केली, घर कसे चालवले, यांपैकी काहीही त्या अर्जात विचारले जात नाही. २०२४ साली ह्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखही नव्हत्या. त्यांतही जवळपास निम्म्या खाजगी महाविद्यालयांतील, म्हणजे शुल्काचा आकडा ऐकूनच आपल्यापैकी बहुतेकांनी मागे फिरावे अशा.

ह्या परीक्षेला किती वेळा बसावे यास मर्यादा नाही. २०२२ साली कमाल वयाची अटही उठली. वरकरणी ही मोठी उदार तरतूद आहे. परंतु अर्थशास्त्रात एक संकल्पना आहे: संधीचा खर्च. एक वर्ष अभ्यासासाठी दिले म्हणजे त्या वर्षात जी मजुरी मिळाली असती ती गमावली. ज्याच्या घरी दुकान आहे, पेन्शन आहे, चिकूची मोठी वाडी आहे, त्याला हे वर्ष परवडते. तो कोट्याला किंवा लातूरला शिकवणी लावून दुसऱ्या, तिसऱ्या वेळी बसतो. ज्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात, ज्याचा भाऊ वापी वा बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी मजूर आहे, त्याच्या घरी हे वर्ष म्हणजे एका माणसाची कमाई बंद. संधी अमर्याद खरी, पण ज्याची थैली अमर्याद त्याच्यापुरतीच.

हा केवळ तर्क नाही. तमिळनाडूने २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली. ‘नीट’ आल्यानंतर वैद्यकीय प्रवेशांत ग्रामीण भागातील, तमिळ माध्यमातील व सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाण घटले आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे व शिकवणी लावणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे तिने दाखवून दिले. त्याआधी २०२० सालीच तमिळनाडूने सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या होत्या. महाराष्ट्राने ह्या उपायाचा गंभीरपणे विचार करावयास हवा.

आता कोणी म्हणेल, एकाच परीक्षेचा हा जुलूम मोडण्यासाठी अर्जात सामाजिक कामाचा, अध्यापनाचा रकाना ठेवा. अमेरिकेत तसा आहे. तेथे चार वर्षांच्या पदवीनंतर वैद्यकीय शिक्षण सुरू होते, आणि सामाईक अर्जात उमेदवाराने आपली जास्तीत जास्त पंधरा कामे नोंदवायची असतात. शिकवण्याचे, प्राध्यापकाला वर्गात साहाय्य करण्याचे काम हा त्यांतील एक स्वतंत्र प्रकार आहे. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. परंतु त्याचा व्यवहारात परिणाम काय होतो? रकाना आला की तो भरण्याची धडपड आली. ज्याला पोटासाठी उपाहारगृहात भांडी घासावी लागतात, त्याच्यापेक्षा बिनपगारी शिकवायला, बिनपगारी दवाखान्यात बसायला ज्याला सवड आहे त्याचा रकाना अधिक देखणा दिसतो. तेथील अनेक विद्यापीठांत पदवीपूर्व साहाय्यकांना वेतनाऐवजी अभ्यासक्रमाचे श्रेयांक देतात. म्हणजे काम विद्यार्थ्याने करायचे, आणि ते करण्याच्या संधीचे शुल्कही त्यानेच भरायचे!

आपल्याकडे असा रकाना आला तर काय होईल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. सहा महिन्यांत सेवेची प्रमाणपत्रे विकणारी दुकाने उघडतील. मुंबईची मुले सुट्टीत मोटारीने डहाणूस येतील, चार दिवस आश्रमशाळेत छायाचित्रे काढतील आणि प्रमाणपत्र घेऊन परत जातील. आणि जी मुलगी वर्षभर दररोज रात्री खरोखर शिकवते, तिच्याकडे शिक्का मारलेला कागद नसल्याने तिचा रकाना कोरा राहील. म्हणून ह्या कामाचे गुणांत रूपांतर करू नये, असे माझे मत आहे.

वेठ, मानधन आणि वेतन

मग ह्या कामाचे मोल कशात करावे? रुपयांत. आणि हे डहाणू-तलासरीत सांगताना मला इतिहासाचा आधार घेतल्यावाचून राहवत नाही.

१९४५ साली आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडीची प्रथा मोडण्याचा निर्धार तेथे झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबायचे, आणि मालकाने हाक मारली की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट जायचे, हा येथला कायदा होता. परिषदेनंतर वारली म्हणाले, वेठीला जाणार नाही. मग गवत कापण्याची मजुरी ठरवून मागितली, आणि ती मिळेपर्यंत विळा खाली ठेवला.

त्याच वर्षी, १९४५ साली, येथून जवळच बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्यांच्याबरोबर होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून अंगणवाडी जन्मास आली, आणि १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले. कामाचे दाम मिळालेच पाहिजे, ही एक शिकवण. आणि शिक्षण शेवटच्या अंगणापर्यंत गेलेच पाहिजे, ही दुसरी. ह्या दोन्ही एकाच वर्षी, एकाच मुलखात उगम पावल्या. दुर्दैवाने त्यांची गाठ आजवर नीट पडली नाही. अंगणवाडी देशभर गेली. पण अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयातून ऐकायला २०२२ साल उजाडावे लागले.

‘मानधन’ हा शब्द मला नेहमी संशयास्पद वाटत आला आहे. त्यात मान देणाऱ्याच्या तोंडी असतो आणि धन कोणाच्याच हाती फारसे पडत नाही. विद्यार्थ्याच्या अध्यापनाबाबत तर तेवढेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांनी मुलांना शिकवण्याचा पुरस्कार केला आहे, पण तो स्वयंसेवी व आनंददायी उपक्रम म्हणून. आनंद असावा, माझी ना नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची सभा काढून मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि प्रारंभी सभासदांनी तेथे बिनपगारी शिकवले, हे आपल्या इतिहासातील सोन्याचे पान आहे. परंतु स्वेच्छेने केलेली सेवा आणि दुसरा मार्ग नाही म्हणून केलेले फुकट काम यांत फरक आहे. ज्या कामास नकार देता येत नाही आणि ज्याचे दाम मिळत नाही, त्याला आमच्या ह्या मुलखात जुना शब्द आहे. तो शब्द वेठ.

अमेरिकेतही हा प्रश्न अखेर न्यायासनासमोर गेला. विद्यापीठात साहाय्यक म्हणून शिकवणारा विद्यार्थी हा विद्यार्थी की कामगार? कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ साली निर्णय दिला की तो दोन्ही असू शकतो. मोबदल्यावर काम करणारे विद्यार्थी, पदवीपूर्व साहाय्यकसुद्धा, कामगार म्हणून संघटित होऊ शकतात. आपण त्यांच्या अर्जातला रकाना उचलण्यापेक्षा हा निर्णय अभ्यासलेला बरा.

आपल्याकडे तर पायाही तयार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. त्यांच्या नावाने आजही विद्यापीठांत ही योजना चालते; विद्यार्थ्याला तासावर पैसे मिळतात. मात्र काम बहुधा बागेचे, ग्रंथालयाचे किंवा कार्यालयाचे असते. त्या श्रमाला मी कमी लेखत नाही. पण झाडांना पाणी घालणाऱ्या विद्यार्थ्याला दाम देणे आपल्याला पटते आणि मुलांना अपूर्णांक समजावून देणाऱ्या विद्यार्थ्याला दाम देणे पटत नाही, हे कोणते शास्त्र?

हिशेबच मांडू. समजा, एका विद्यार्थी-साहाय्यकाने आठवड्याला आठ तास याप्रमाणे वर्षातील तीस आठवडे काम केले. २४० तास झाले. तासाला शंभर रुपये धरले तर वर्षाचे २४,००० रुपये. एका महाविद्यालयात असे दहा जण म्हटले तर २ लाख ४० हजार. एका पूर्णवेळ प्राध्यापकाच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम आहे. पण त्या मुलीच्या घरी २४,००० रुपये आले तर तिला पुन्हा परीक्षेला बसू द्यायचे की कामाला पाठवायचे, ह्या वादाचे पारडे फिरू शकते. गुणांची सवलत न मागता तिला मिळालेले हे एक वर्ष आहे, आणि ते तिने स्वतः कमावलेले असेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप माझ्याच बाजूच्या मंडळींकडून येईल, आणि तो रास्त आहे. विद्यार्थ्यांना तासावर नेमले की सरकार म्हणेल, मग शिक्षक कशाला हवेत? वस्तीशाळांतील शिक्षकांना तुटपुंज्या रकमेवर वर्षानुवर्षे राबवले गेले आणि २०१४ साली कोठे त्यांची सेवा नियमित झाली. शिक्षणसेवक आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक यांची कथा आपण जाणतोच. मद्रास पद्धतीचा धोका तो हाच. म्हणून अटी स्पष्ट हव्यात. विद्यार्थी-साहाय्यक शिक्षकाच्या देखरेखीखालीच काम करील, एकटा वर्ग चालवणार नाही. जेथे शिक्षकाची मंजूर जागा रिकामी आहे तेथे आधी ती भरावी. साहाय्यकाच्या नेमणुकीने ती भरली असे समजू नये. नेमणुकीचे पत्र लेखी हवे, तास मर्यादित हवेत, दर ठरलेला हवा आणि पैसे थेट त्याच्या बँकखात्यात जावेत.

दुसरा आक्षेप पालकांचा. शिकवण्यात वेळ गेला तर अभ्यास कधी करणार? माझा वर्गातील अनुभव सांगतो. मागणी-पुरवठ्याच्या रेषा मी फळ्यावर दहा वेळा काढल्या तरी काहींना त्या उमगत नसत; पण वसतिगृहात दुसऱ्याला त्या समजावून सांगण्याची ज्याच्यावर वेळ येई, त्याला त्या कायमच्या उमगत. रक्ताभिसरण दुसऱ्याला शिकवताना आपल्या ज्ञानातील भोके दिसतात. आठवड्याला आठ तास ही मर्यादा मी उगाच सांगितलेली नाही. त्यापलीकडे गेल्यास पालकांचे म्हणणे खरे ठरेल, आणि परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने हे काम पूर्ण बंद असावे.

ह्यात समाजाचे काय?

आपल्या डहाणू तालुक्यात दोन-तृतीयांशांहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. तलासरीत तर दहांतील नऊ माणसे आदिवासी. तालुक्यात सासवंदला खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे. तरीही गंभीर रुग्णाला घेऊन माणसे सिल्वासा नाही तर वलसाड गाठतात. बाहेरून येणारा तरुण डॉक्टर हुशार असतो, पण पोटात कसे दुखते हे म्हातारी वारली बोलीत सांगते तेव्हा तो परिचारिकेकडे पाहतो. गोळ्या केव्हा घ्यायच्या, कुपोषित बाळाला काय भरवायचे, सर्पदंश झाल्यावर भगताकडे न थांबता रुग्णालयात का आणायचे, हे समजावणे म्हणजे शिकवणेच आहे. ज्या मुलीने पाड्यावरच्या मुलांना त्यांच्या बोलीत पचनसंस्था शिकवली आहे, ती उद्या डॉक्टर होऊन त्याच पाड्यावर बोलेल तेव्हा तिला दुभाष्या लागणार नाही.

आणि समजा, ती डॉक्टर झाली नाही? बहुसंख्य होणार नाहीत. जागांचा हिशेब मी मघाशी सांगितला. तिने एक वर्ष वाया घालवले असे मग कोणी म्हणू शकणार नाही. तिच्या हातून खालच्या इयत्तेतील पाच-दहा मुली पुढे सरकलेल्या असतील, तिच्या घरी चार पैसे गेले असतील आणि परिचर्या, औषधनिर्माण किंवा अध्यापन यांपैकी कोणत्याही वाटेवर ती आत्मविश्वासाने पाऊल टाकील. निकालाच्या यादीत नाव आले तरच श्रमाचे चीज झाले, असे मानणारी व्यवस्था लाखो मुलांच्या श्रमाला शून्य किंमत देते. काम झाले त्या दिवशीच त्याचे दाम चुकवणारी व्यवस्था तसे करीत नाही.

तेव्हा येथे बसलेल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच. धाकट्यांना जरूर शिकवा. मैत्रीखातर, बहिणीच्या मायेने जे कराल ते मोजत बसू नका. परंतु संस्था जेव्हा तुम्हाला काम सांगेल तेव्हा तीन गोष्टी नम्रपणे विचारा: किती तास, कोणत्या दराने आणि नेमणुकीचे पत्र कधी? तुम्ही एकेकट्याने विचारले तर त्याला उद्धटपणा म्हणतील. म्हणून सर्वांनी मिळून विचारा. झरीला जमलेल्या तुमच्या आज्या-पणज्यांनीही दर मिळूनच विचारला होता.

आणि येथील प्राचार्यांना व विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की, ‘कमवा व शिका’ योजनेतील कामांच्या यादीत ‘अध्यापन-साहाय्य’ ह्या एका ओळीची भर घाला. येत्या सत्राच्या आरंभी ती घातली जावी, ह्यासाठी आपण सर्वांनी मिळून अर्ज करावा, असे सुचवून मी आपली रजा घेतो.